पावसाळ्यात समुद्र हवाय? अरुगम बे गाठा

जून उजाडला की कोकण-गोव्यात समुद्र खवळतो आणि किनाऱ्यावर लाल बावटे लागतात. नेमकं तेव्हाच श्रीलंकेच्या पूर्व किनाऱ्यावर ऊन तापलेलं असतं. नैऋत्य मोसमी पाऊस बेटाच्या मधल्या डोंगरांत अडतो आणि पलीकडचं अरुगम बे कोरडं राहतं. मे ते सप्टेंबर हा तिथला सर्फिंगचा हंगाम. डिसेंबरची सुट्टी मात्र इथे घालवू नका, तेव्हा ईशान्य मोसमी पाऊस याच बाजूला कोसळतो.

कोलंबोहून बसने अख्खा दिवस मोडतो. त्यापेक्षा रेल्वेने एल्ला गाठा, चहाच्या मळ्यांत एक मुक्काम करा आणि मोनरागलामार्गे पोट्टुविलला उतरा. पुढचे तीनेक किलोमीटर टुकटुकने, भाडं आधी ठरवून.

मेन पॉइंटचं नाव मोठं, लाटही देखणी आणि लांबलचक. पण तळाशी खडक आहेत आणि पाण्यात मुरलेल्या लोकांची गर्दी. नवशिक्यांनी बेबी पॉइंटवरच शिकावं. बोर्डावर चोळलेल्या मेणात वाळू चिकटते आणि तासाभरात पोटाची, कोपरांची सालं निघतात, म्हणून लांब बाह्यांचा घट्ट टीशर्ट हवाच. लाट जिथे फुटायला लागते त्याच्या सर्वांत जवळ जो असेल, ती लाट त्याची. मध्ये घुसलात तर शिव्या खाल, आणि त्या रास्त असतील.

किनारा पूर्वेचा, त्यामुळे सूर्य समुद्रात नव्हे, गावामागे मावळतो. मग रस्त्यावर दिवे लागतात, गाणी सुरू होतात आणि तापल्या तव्यावर दोन पोलादी पात्यांनी कोट्टू रोटी कापण्याचा ठणठणाट कानी पडतो. शाकाहारींनी सांबोल मागताना विचारून घ्यावं, त्यात बहुधा सुक्या माशाचा चुरा असतो. ज्यांना रात्री रंगवायच्या आहेत त्यांनी पंचांग बघून जावं: दर पौर्णिमेला, म्हणजे पोयाला, देशभर दारूविक्री बंद असते. पोट्टुविलच्या बाजारात पोहण्याच्या कपड्यांत हिंडू नका. तिथली वस्ती बहुतांश मुस्लिम आहे, अंगभर कपडे घातलेले बरे.

दक्षिणेला पनामा रस्त्यावर एलिफंट रॉक आणि पीनट फार्म हे शांत किनारे आहेत. तिकडून अंधाराआधी परता. त्या रस्त्यावर रानहत्ती येतात, आणि टुकटुकला दारं नसतात.