स्थिर छत्री आणि फिरती छत्री

गावोगावच्या पत्र्यांवर आणि गच्च्यांवर वाटोळ्या तबकड्या बसविलेल्या दिसतात. लोक त्यांना ‘डिश’ अथवा ‘छत्री’ म्हणतात. सूर्य-चंद्र सारखे जागा बदलतात. मग वर्षानुवर्षे एकाच दिशेला तोंड करून बसलेल्या या छत्रीला उपग्रह सापडतो तरी कसा?

विषुववृत्तावर सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवरील उपग्रहाला पृथ्वीप्रदक्षिणेस लागणारा वेळ पृथ्वीच्या स्वतःभोवतीच्या फेरीएवढाच असतो. म्हणून तो आपल्याला निश्चल भासतो. दूरदर्शनची विनामूल्य सेवा देणारा जीसॅट-१५ हा ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. पुण्याहून तो आग्नेयेला, क्षितिजापासून बराच उंच येतो. छत्री एकदा त्याच्याकडे रोखून नट घट्ट आवळले, की काम झाले.

परंतु आकाशात उपग्रह काही एकच नाही. आपल्याकडून पाहता पूर्वेपासून पश्चिमेपर्यंत, दक्षिणेच्या अंगाने, त्यांची कमानच पसरलेली आहे. छत्रीला मोटर जोडली, तर ती एकामागून एक उपग्रहाकडे वळू शकते. हे ऐकून कोणालाही मोह पडेल!

मात्र ही मोटर बसविणे नाजूक काम आहे. ज्या आसावर छत्री फिरते, तो पृथ्वीच्या आसाला समांतर, म्हणजे जवळजवळ ध्रुवताऱ्याच्या रोखाने असावा लागतो. खांबही अगदी उभा हवा. लहान छत्रीची नजर दोन-तीन अंशांपलीकडे पोचत नाही. त्यामुळे थोडी चूक झाली, तर मधले उपग्रह सापडतात आणि कडेचे निसटतात. लोखंडी खांबाजवळ होकायंत्र धरणारा तर हमखास फसतो. शिवाय फिरणारे भाग झिजतात, पावसाळ्यात त्यांत पाणी शिरते.

आणखी एक अडचण घरातलीच. छत्री एका वेळी एकाच दिशेला पाहते. आजी सह्याद्री वाहिनीवर कीर्तन ऐकत असताना नातवाने दुसऱ्या खोलीतून छत्री फिरविली, तर कीर्तन तेथेच बंद पडते.

युरोपात हॉट बर्ड १३ अंशांवर, अ‍ॅस्ट्रा १९.२ अंशांवर, तर तुर्कसॅट ४२ अंशांवर आहे. निरनिराळ्या भाषांच्या पुष्कळ वाहिन्या तेथे विनामूल्य मिळतात. अशा ठिकाणी मोटरीचा खर्च सार्थकी लागतो. आपल्याकडे बहुतेक सेवा आपापल्या वाहिन्या एकाच दिशेने पाठवितात. वर्गणीच्या वाहिन्यांना तर सांकेतिक कुलूप असते. छत्री तिकडे वळविली म्हणून ते उघडत नाही. तेव्हा ज्याला आकाश धुंडाळण्याचा छंद आहे, त्याने मोटर अवश्य घ्यावी; चार माणसांच्या संसाराला स्थिर छत्रीच बरी.

शेजारशेजारचे दोनच उपग्रह हवे असतील, तरीही मोटर लागत नाही. छत्रीसमोरच्या दांडीवर लहरी झेलणारी डबी असते. तिला ‘एलएनबी’ म्हणतात. तिच्या बाजूला योग्य अंतरावर दुसरी डबी आणि जोडीला एक लहानसा स्विच बसविला, की त्याच स्थिर छत्रीत दोन्ही उपग्रह येतात.