साखरेची जोडी

सभासद बंधूंनो, आपली मुलं अकरावीला कर्बोदकांचा धडा पाठ करतात. तो धडा मुळात आपल्या फडातलाच आहे. साखरेचा एक रेणू म्हणजे ग्लुकोज नि फ्रुक्टोज यांची बांधलेली जोडी. कार्बन १२, हायड्रोजन २२, ऑक्सिजन ११. जोडी शाबूत, तरच दाणा पडतो. ऊस तुटला की उसातलेच इन्व्हर्टेज हे विकर ती सोडवू लागते, आणि सुटी शर्करा मळीत जाते. कापल्या तोंडातून जंतू शिरले, तर ते ग्लुकोजची लांबच लांब माळ ओवतात : डेक्स्ट्रान. मग रस बुळबुळीत होतो, गाळण्या तुंबतात. (चिपाडातला सेल्युलोजही ग्लुकोजचीच माळ, सांधा निराळा, म्हणून आपल्याला पचत नाही.)

पटत नसेल तर पोराकडून प्रयोग करवून घ्या. ताज्या उसाचा आणि चार दिवस उन्हात पडलेल्या मोळीचा रस सारखाच पातळ करून, बेनेडिक्टचे द्रावण घालून तापवावा. विटकरी रंग शिळ्याला जास्त चढेल. तो साखरेचा नव्हे, सुटलेल्या शर्करेचा. वजनकाट्यावर ही घट दिसत नाही, उताऱ्यात दिसते, आणि भाव उताऱ्याशी बांधलेला. वाहनं उशिरा येतात ही तक्रार आम्हांस मान्य आहे. म्हणूनच गाडी नक्की झाल्याखेरीज कोयता लावू देऊ नका.