सकाळी सहाला खो-खो, अकराला शेक्सपिअर

तालुक्याच्या गावातल्या महाविद्यालयात मी इंग्रजी शिकवलं आणि खो-खोचे संघही सांभाळले. त्या उद्योगातून हाती लागलेलं थोडंफार.

१. ‘इंग्रजीचा माणूस मैदानावर काय करतो?’ हा प्रश्न स्टाफरूममध्ये येणारच. मी प्रा. दि. ब. देवधरांचं नाव पुढे करायचो. स. प. महाविद्यालयात संस्कृत शिकवणाऱ्या या गृहस्थांनी १९२६ साली एमसीसीविरुद्ध १४८ धावा काढल्या, पुढे १९३९-४० आणि १९४०-४१ असा सलग दोनदा महाराष्ट्राला रणजी करंडक मिळवून दिला. संस्कृतला चालतं ते इंग्रजीला का नको? देवधर स्वतः अव्वल खेळाडू होते आणि मी शाळेच्या संघापलीकडे कधी गेलो नव्हतो, एवढा तपशील स्टाफरूमला कशाला सांगा!

२. भाषा शिकवायची कशी, हे मला बी.एड.वाल्यांपेक्षा मैदानाने जास्त सांगितलं. खो-खोत नऊ जण; आठ बसलेले, तोंडं आलटूनपालटून विरुद्ध दिशांना. पाठलाग करणाऱ्याने एकदा दिशा धरली की खांबापर्यंत मागे वळायचं नाही, मधली रेषा ओलांडायची नाही, खो मिळण्याआधी बसलेल्याने उठायचं नाही. एवढे नियम पोरं पळता पळता पाळतात. नियमावली कुणी पाठ केलेली नसते. तीच पोरं अकराला वर्गात सगळे काळ तोंडपाठ म्हणून दाखवतात आणि स्वतःचं नाव-गाव इंग्रजीत सांगताना घामाघूम होतात. मैदानावर पळत्या पोराला अडवून आपण चुका मोजत नाही. पाळी संपली की जवळ बोलावतो आणि एकच गोष्ट सांगतो. दोन सांगितल्या तर पहिली जाते. वर्गातही मी तेच सुरू केलं. पोरगी बोलतेय ना, मग क्रियापद चुकलं तरी वाक्य संपेपर्यंत आपण गप्प. मागच्या बाकांवरून आवाज यायला लागले ते त्यानंतर.

३. मुलींच्या संघाची खरी निवड मैदानावर होत नाही, घराच्या ओट्यावर होते. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेला परगावी मुक्काम म्हटलं की वडील विचारणार, ‘सोबत बाई कोण?’ आई विचारणार, ‘परत कधी?’ आणि आजी काहीच विचारणार नाही, नुसती बघत बसेल. तिला पटवणं सर्वांत अवघड. सोबत येणाऱ्या मॅडमना घेऊनच घरी जावं, चहा नाकारू नये आणि खेळाडूंना मिळणाऱ्या वाढीव गुणांची गोष्ट वडिलांसमोर काढावी. गुणांपुढे बरेच वडील नरमतात.

४. आपल्याच विषयाच्या अंतर्गत गुणांत आपल्या खेळाडूला हात सैल सोडू नये. संघातल्या बाकीच्यांना ते सर्वांत आधी कळतं.

५. ‘ऑथेल्लो’ शिकवताना नायकाच्या मनात संशय पेरणारा इयागो कुणाला उमगेना. एका खेळाडू मुलीला उभं केलं आणि विचारलं, ‘पाठलाग करणाऱ्याला हूल कशी देतेस?’ म्हणाली, ‘खांदा एकीकडे टाकायचा सर, पाय दुसरीकडे. त्याला वाटलं पाहिजे, आपण स्वतःच ओळखलं.’ इयागोवर मी इतकं चांगलं टिपण कधी लिहिलेलं नाही. नाटककार देवलांनी याच नाटकाचं ‘झुंझारराव’ केलं, हे त्या दिवशी सांगितल्यावर दोघीतिघी ग्रंथालयात गेल्या.

६. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला आणि भारताच्या दोन्ही संघांनी अंतिम सामन्यात नेपाळला हरवलं. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. तिथे संघ सात-सात जणांचे होते आणि खेळ मॅटवर. आपल्याकडे मॅट महाग, म्हणून तालुक्याला सराव मातीत आणि मोठ्या स्पर्धा मॅटवर, असा प्रकार चालतो. मातीत अनवाणी सूर मारणाऱ्या पोरांची मॅटवर बूट घालून पळताना पहिली पाळी नुसती चाचपडण्यात जाते, गुडघे सोलवटतात ते वेगळंच. तेव्हा आदल्या दिवशी दुपारपर्यंत स्पर्धेचं गाव गाठावं, संयोजकांच्या मागे लागून तासभर मॅट मागून घ्यावी, आणि बूट नवे असतील तर आठवडाभर आधीपासून पोरांना ते घालूनच कॉलेजला यायला सांगावं.