विंडोज रिसेलर होस्टिंग घेताय? आधी गिऱ्हाईकांची यादी काढा

व्हिडिओत प्लॅनचे दर पाहिलेत, पण दराचं नंतर. आधी वहीत लिहा, कोणत्या गिऱ्हाईकाची साइट कशात बनली आहे. वर्डप्रेसला लिनक्स पुरतं, विंडोज लायसन्सचा भार उगाच कशाला? जुनं एएसपी डॉट नेट असेल तर मात्र विंडोजच हवं. (डॉट नेट कोअर २०१६ पासून लिनक्सवरही चालतं, डेव्हलपरला विचारून घ्या.)

पॅनलचं म्हणाल तर सीपॅनल विंडोजवर चालतच नाही. प्लेस्क चालतं, आणि त्यात प्रत्येक गिऱ्हाईकाला वेगळं लॉगिन देता येतं.

आता विकणाऱ्याला विचारा: प्रत्येक साइटला स्वतंत्र अ‍ॅप्लिकेशन पूल मिळतो का? सगळ्यांना मिळून एकच असला, तर एका साइटचा कोड अडकला की शेजारच्याही बसतात. मग फोन तुम्हालाच येणार, होस्टिंगवाल्याला नाही! एमएस एसक्यूएल डेटाबेसचा बॅकअप स्वतः उतरवता येतो का, हेही विचारा. नाहीतर कंपनी बदलताना गिऱ्हाईकाची सगळी बिलं तिच्याच ताब्यात. फुकटचं एसक्यूएल एक्स्प्रेस देत असतील तर २०२२ च्या आवृत्तीत एका डेटाबेसला १० जीबीची मर्यादा आहे, हे धरून चला.

उत्तरं ईमेलवरच मागा. गोलमोल आली तर वर्षाचे पैसे भरू नका, महिनाभराचा प्लॅन घेऊन एकच साइट चढवून बघा.