मोटारीचा काळ

जुन्या वस्तूस नवे रूप देणे निराळे आणि तिचा काळ तिला परत देणे निराळे. अमेरिकेतील 'हॉट रॉड' मोटारींवरून हा भेद ध्यानी येतो. १९३२ साली फोर्ड कंपनीने स्वस्त मोटारीत आठ नळकांड्यांचे व्ही-८ एंजिन आणले. कॅलिफोर्नियातील तरुण जुन्या गाड्या अल्प किमतीत घेत, मडगार्ड काढून भार हलका करीत, एंजिनाची शक्ती वाढवीत आणि कोरड्या सरोवरांच्या सपाट तळांवर वेग अजमावीत. आज त्या परंपरेची गाडी बांधणारा कारागीर प्रथम काळ निश्चित करतो. मग चाके, दिवे, रंग त्याच काळास शोभतील असे निवडतो. १९४० सालच्या धर्तीच्या गाडीस आजची चाके लावली, तर ती धावेल. परंतु साक्ष खोटी देईल.

आपल्या सुलतान बाजारापासून थोड्याच अंतरावर, चौमहल्ला राजवाड्यात, सहावे निजाम महबूब अली खान यांनी मागविलेली पिवळी रोल्स-रॉइस जतन केलेली आहे. ती हाती येण्यापूर्वीच, १९११ साली, ते निवर्तले. ती गाडी अवश्य पाहा आणि तिच्या प्रत्येक भागास विचारा, "तू कोणत्या काळचा?" इतिहासाच्या अभ्यासाचा आरंभ याच प्रश्नाने होतो.