पेटीतले जुने मेडल



जुने घर पाडताना किंवा आजीची पेटी रिकामी करताना एखादे काळवंडलेले मेडल हाती लागते. चित्र झिजलेले, अक्षरे परक्या भाषेतली. कोणी ते भंगारात देतो, कोणी अनोळखी अक्षरांना घाबरून घराबाहेर ठेवतो. काही भाविक ते आमच्याकडे आणतात आणि विचारतात, “फादर, हे किती जुने?” आम्ही म्हणतो, आधी हे काय सांगते ते पाहू या.

सर्वप्रथम, मेडल घासू नका. चिंच किंवा राख लावली तर उरलेले कोरीव कामही जाते. मऊ, कोरड्या कापडाने धूळ पुसा आणि खिडकीपाशी तिरक्या उजेडात धरा. पुसट अक्षरेही दिसू लागतात.

मेडल लंबगोल आहे का? एका बाजूला पृथ्वीच्या गोलावर उभी पवित्र मरिया, पायाखाली सर्प, हातांतून निघणारे किरण. दुसऱ्या बाजूला क्रूस, त्याखाली ‘एम’ हे अक्षर, दोन हृदये आणि भोवती बारा तारे. असे असेल तर ते ‘चमत्कारी मेडल’ होय. २७ नोव्हेंबर १८३० रोजी पॅरिसमधील मठाच्या चॅपेलात कॅथरिन लाबूरे या तरुण व्रतस्थ भगिनीला पवित्र मरियेने हे रूप दाखवले. १८३२ मध्ये पहिली मेडल्स तयार झाली.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. या मेडलवर बहुधा १८३० हे साल असते. ते दर्शनाचे साल आहे, मेडल घडवल्याचे नव्हे. आज तयार होणाऱ्या मेडलवरही तेच साल असते. त्यामुळे केवळ आकडा पाहून वय ठरवू नये.

मेडलवर मोठा क्रूस आणि त्यावर व कडेने सुटी सुटी अक्षरे असतील, तर ते संत बेनेडिक्ट यांचे मेडल असते. ती अक्षरे जादूटोण्याची नाहीत. लॅटिन प्रार्थनेतील शब्दांची ती आद्याक्षरे आहेत : पवित्र क्रूस माझा प्रकाश होवो, सैतानाने दूर व्हावे, असा त्यांचा आशय आहे. एके काळी लोक हा अर्थ विसरले होते. १६४७ साली बव्हेरियातील मेटेन मठाच्या एका जुन्या हस्तलिखितात तो पुन्हा सापडला. या मेडलवर १८८० हे साल दिसले, तर तो संतांच्या जन्माच्या १४०० व्या वर्षाच्या ज्युबिलीचा नमुना समजावा. तोच नमुना आजही घडवला जातो.

मेडलमध्ये स्वतःची शक्ती नसते. ते चिन्ह आहे, आणि चिन्ह स्वतःपलीकडे बोट दाखवते. ते ताईत म्हणून बांधणे ही अंधश्रद्धा. ते पाहून प्रार्थना करणे ही श्रद्धा. कॅथरिन भगिनींनी आपल्याला दर्शन झाले हे सुमारे ४६ वर्षे जगापासून लपवून ठेवले आणि वृद्धांची सेवा केली. मेडल घरोघरी पोहोचले, तरी त्यांचे नाव कोणाला ठाऊक नव्हते. १८७६ साली त्यांचे निधन झाले. १९४७ साली त्यांना संतपद मिळाले.

आपल्या पेटीतले मेडलही अशाच कोणाच्या तरी गळ्यात होते. त्या व्यक्तीने ते हातात धरून कोणासाठी तरी प्रार्थना केली असेल, कदाचित आपल्या आईवडिलांसाठी. म्हणून सोनाराला किंमत विचारण्याआधी घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, हे कोणाचे? कळेल ते कागदावर लिहा आणि मेडलसोबत ठेवा. आशीर्वादित मेडल मोडून गेले असेल तर कचऱ्यात टाकू नका. स्वच्छ जागी मातीत पुरा. चांगले असेल तर नातवंडांना त्याचा अर्थ सांगून द्या, आणि ज्यांनी ते घातले त्यांच्यासाठी आज रात्री जपमाळेचे एक दशक म्हणा.

प्रभू आपल्या सर्व कुटुंबांना आशीर्वाद देवो.

– आपले धर्मगुरू