गाडी विकणाऱ्याची बाजू

जुनी गाडी घेणाऱ्याला सल्ला द्यायला सगळा गाव तयार असतो. मीटर फिरवलाय का बघ, अपघातातली नाही ना ते बघ, मेकॅनिक बरोबर ने, सकाळी थंड इंजिन सुरू करून बघ. विकणाऱ्याला असं कुणी काही सांगत नाही. फसवणार तर तोच, असं धरूनच त्याच्याशी बोललं जातं. ऑनलाइन जाहिरात टाकून स्वतःची गाडी विकताना काय काय ऐकून घ्यावं लागतं याचा पाढा मी इथे वाचणार नाही. राग अजून गेलेला नाही हे मात्र खरं, आणि तो जाण्याची वाट बघत बसण्यापेक्षा सरळ मुद्दा मांडावा. या व्यवहारात घेणाऱ्यापेक्षा विकणाऱ्याला धोका जास्त आहे. म्हणून पैसे आधी की किल्ली आधी, सही कुठे आणि केव्हा, हा क्रम विकणाऱ्यानेच ठरवला पाहिजे. तो ठरवताना समोरचा त्याला संशयी म्हणाला, तर म्हणू द्यावं.

घेणाऱ्याचा धोका काय, तर गाडी खराब निघेल. तरी गाडी त्याच्या दारात उभी असते. विकणाऱ्याची गाडी गेली, पैसे अडकले आणि वर जबाबदारी त्याच्याच नावावर राहिली, असं होऊ शकतं. हे शेवटचं अनेकांना पटत नाही. 'गाडी विकली, नोटरी केली, माझा काय संबंध?' असं ते विचारतात. संबंध असा, की मोटार वाहन कायदा 1988 प्रमाणे मालक म्हणजे ज्याच्या नावावर नोंदणी आहे तो. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली हेच स्पष्ट केलं. तिथे मूळ मालकाने गाडी विकली होती, पुढे ती एकाकडून दुसऱ्याकडे जात राहिली, पण नोंदणी कुणीच बदलली नाही. अपघात झाला तेव्हा भरपाईची जबाबदारी कागदावरच्या मालकावर आली. अपघातात ज्याचं माणूस गेलं त्याने गाडी कुणी कुणाला विकली याचा माग काढत फिरावं, अशी अपेक्षा कायदा करत नाही, असं न्यायालयाचं म्हणणं होतं. ते बरोबरच आहे. पण त्याचा अर्थ विकणाऱ्याने नीट समजून घ्यायला हवा. 10 नोव्हेंबर 2025 रोजी दिल्लीत लाल किल्ल्याजवळ ज्या गाडीत स्फोट झाला, तिची नोंदणी गुरुग्रामच्या एका जुन्या मालकाच्या नावावर होती. त्याने ती केव्हाच विकली होती, आणि तरी पोलिसांचा तपास सुरू झाला तो त्याच्यापासून. गाडी नावावरून उतरणं म्हणजे काय, हे यापेक्षा वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

असं असूनही आपल्याकडे रूढ झालेली पद्धत कोणती? मालकी बदलण्याच्या फॉर्म 29 आणि फॉर्म 30 वर विकणाऱ्याच्या सह्या घ्यायच्या, घेणाऱ्याच्या नावाची जागा कोरी ठेवायची आणि 'आरटीओचं आम्ही बघतो' म्हणायचं. हा कोरेपणा बहुतेक वेळा आळसातून येत नाही. जो गाडी वापरायला नव्हे, पुढे विकायला घेतो, त्याला ती स्वतःच्या नावावर करायची नसते. तसं केलं तर एक मालक वाढतो आणि भाव उतरतो. कोऱ्या सहीवर ती पुढच्याच्या नावावर थेट चढते, आणि तोवरच्या काळातलं चलन, अपघात, टोल सगळं तुमच्या नावावर. म्हणून कोऱ्या फॉर्मवर सही करायचीच नाही. नाव, पत्ता, तारीख भरलेली, मगच सही, आणि सही केलेल्या प्रत्येक पानाचा फोटो. एजंट म्हणतो, 'साहेब, सगळे असंच करतात.' सगळे असंच करतात म्हणूनच तर कागदावरच्या मालकांवर खटले चालतात. कायदा विकणाऱ्यालाही काम सांगतो, हे एजंट सांगत नाही. त्याच राज्यात विक्री झाली तर 14 दिवसांत आणि परराज्यात झाली तर 45 दिवसांत विकणाऱ्याने स्वतः आरटीओला कळवायचं असतं. घेणाऱ्याची मुदत 30 दिवसांची आहे. आपल्या बाजूने कळवल्याची पोच आपल्याजवळ असली की पुढे काही झालं तरी बोलायला तोंड राहतं.

आता पैशांचं. पैसे घ्यायला पिन लागत नाही, क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही, लिंक उघडावी लागत नाही. या तिन्ही गोष्टी पैसे देणाऱ्याने करायच्या असतात. यूपीआयवर एका माणसाने दुसऱ्याकडे पैशांची मागणी पाठवायची सोय 1 ऑक्टोबर 2025 पासून बंद झाली, ते याच फसवणुकीमुळे. तरीही 'मी सैन्यात आहे, ड्युटीवर आहे, गाडी बघायला येता येणार नाही, टोकन आत्ता पाठवतो' असे फोन येतात आणि सोबत ओळखपत्राचा फोटोही येतो. गणवेशाबद्दल आपल्या मनात जो आदर आहे त्याचा हा वापर मला सगळ्यात जास्त चीड आणतो. अशा वेळी एवढंच बघावं की लाखोंची गाडी न बघता, घासाघीस न करता घेणारा माणूस खराखुरा गिऱ्हाईक असूच शकत नाही. भाव न पाडणाऱ्याला काही मागायचं बाकी असतं, आणि ते गाडीपेक्षा वेगळं असतं.

पण खरी परीक्षा प्रत्यक्ष येणाऱ्या माणसाच्या वेळी होते. तो गाडी बघतो, ट्रायल घेतो, भाव ठरतो, चहा होतो. मग तो फोन समोर धरतो. हिरवं वर्तुळ, त्यात पांढरी बरोबरची खूण, खाली तुमचं नाव, ठरलेली रक्कम आणि व्यवहार क्रमांक. 'गेले बघा. तुमच्या बँकेचा सर्व्हर स्लो असेल.' हे चित्र हुबेहूब तयार करणारी बनावट अ‍ॅप आहेत. बँकेच्या मेसेजसारखा मेसेजही पाठवता येतो. फक्त तो दहा आकडी मोबाईल नंबरवरून येतो, आणि बँकेचा मेसेज इंग्रजी अक्षरांच्या सांकेतिक नावाने येतो. घाईत हे कुणी बघत नाही, आणि घाई त्यासाठीच केलेली असते. बाहेर रिक्षा थांबलेली असते, कुणीतरी दवाखान्यात असतं, रात्र व्हायच्या आत गाव गाठायचं असतं. खरं असेलही. पण त्याच्या फोनवर काय दिसतं याला काडीची किंमत नाही. आपल्या बँकेचं अ‍ॅप आपल्या हाताने उघडावं, शिल्लक किती वाढली आणि कुणाच्या नावाने जमा झाली हे वाचावं, तोवर किल्ली खिशात. आयएमपीएस लगेच जमा होतं, त्यातून साधारण 5 लाखांपर्यंत पाठवता येतात. 2 लाखांच्या वरच्या रकमेला आरटीजीएस आहे आणि ते डिसेंबर 2020 पासून चोवीस तास, सुट्टीच्या दिवशीही चालतं. एनईएफटी अर्ध्या तासाच्या तुकड्यांनी जातं. म्हणजे 'रविवार आहे, सोमवारी जमा होतील' ही सबब आता चालणारी नाही.

यात एक अडचण मात्र प्रामाणिक घेणाऱ्यालाही येते. नवीन खातं जोडलं की अनेक बँका सुरुवातीचे काही तास मोठी रक्कम पाठवू देत नाहीत. यावर उपाय असा, की आदल्या दिवशीच त्याला आपलं खातं जोडायला सांगावं आणि शंभर रुपये पाठवायला लावावेत. त्याचा दुसरा फायदा मोठा आहे: पैसे कुणाच्या नावाने आले ते कळतं. ते नाव आणि फॉर्मवर चढणारं नाव एकच हवं. 'मेहुण्याच्या खात्यातून टाकतो, चालेल ना?' याला उत्तर एकच, चालणार नाही. ऑनलाइन फसवणुकीतला पैसा फिरवायचा एक मार्ग असाच असतो. तिसऱ्याच कुणालातरी फसवून त्याला तुमच्या खात्यात पैसे भरायला लावायचे आणि गाडी आपण न्यायची. फसलेला माणूस 1930 या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करतो, पैसा कुठे गेला याचा माग निघतो आणि तुमच्या खात्यातली रक्कम गोठवली जाते. पैसे आले, आपण सुटलो, असं समजणारा विक्रेता इथे पुरता अडकतो: गाडी गेलेली, पैसे दिसतात पण हलत नाहीत, आणि आपण गुन्हेगार नाही हे परक्या राज्यातल्या पोलीस ठाण्याला पटवत बसायचं. मेहुणा खरा असेल तर त्याने आधी घेणाऱ्याच्या खात्यात टाकावेत. त्यात कुणाचं काही बिघडत नाही.

रोख घेतली तर हे सगळं टळेल, असं अनेक जाणती माणसंही सांगतात. लहान रकमेला ठीक. पण आयकर कायद्याने 2017 पासून एका व्यवहारात 2 लाख किंवा त्याहून जास्त रोख स्वीकारायला मनाई आहे, आणि दंड पैसे देणाऱ्याला नाही, पैसे घेणाऱ्याला होतो, तोही जेवढी रक्कम तेवढा. साडेतीन लाखांची गाडी 'निम्मे आज, निम्मे उद्या' करून रोखीने विकली तरी व्यवहार एकच धरला जातो. इथेही पुन्हा ओझं विकणाऱ्याच्याच डोक्यावर, हे लक्षात घ्या. चेक घेतलात तर तो वटून पैसे वापरता येईपर्यंत गाडी सोडू नका. चेक परत गेल्यावर 30 दिवसांत नोटीस, पुढे 15 दिवसांची मुदत, मग न्यायालय, हा रस्ता आहे खरा, पण तो गाडी घरी नसताना चालायचा असतो. डिमांड ड्राफ्ट खोटा छापता येतो. तो घ्यायचाच तर देणाऱ्या शाखेचा नंबर ड्राफ्टवरून किंवा गिऱ्हाईकाकडून न घेता बँकेच्या साइटवरून शोधून खात्री करावी.

आक्षेप असा येतो, की घेणाऱ्याने आधी पैसे दिले आणि विकणारा उलटला तर? रास्त प्रश्न आहे, आणि त्याला उत्तर आहे: दोघांनी घेणाऱ्याच्या बँकेच्या शाखेत भेटावं. गाडी बाहेर उभी, मूळ आरसी, दोन्ही किल्ल्या, विम्याची पॉलिसी आणि भरलेले फॉर्म टेबलावर. त्याने तिथूनच आरटीजीएस करावं, यूटीआर क्रमांक दोघांनी लिहून घ्यावा, माझ्या खात्यात जमा दिसताच मी सही करून किल्ली द्यावी. यात फार तर तासभर जातो. ज्याला हा तासभर नको असतो, त्याला नेमकं काय नको आहे याचा विचार प्रत्येकाने करावा. गाडीवर कर्ज असेल तर आधी फेडून बँकेचं ना हरकत पत्र आणि फॉर्म 35 घेऊन बोजा उतरवावा. ते जमणार नसेल तर घेणाऱ्याचे तेवढे पैसे थेट कर्जखात्यात जावेत. आणि हो, ट्रायलला एकट्याला गाडी देऊ नका, लायसन्स बघा, हे सगळ्यांना माहीत असतंच.

दुसरा आक्षेप मला जास्त खटकतो: 'एवढ्या अटी घातल्यात तर गिऱ्हाईक पळेल.' पळतं. काही वेळा चांगलंही पळतं, हे मी नाकारत नाही. दहा-पंधरा हजार कमी मिळतील, गाडी आणखी काही आठवडे दारात उभी राहील. पण त्या नुकसानीची बेरीज करता येते. नावावर राहिलेल्या गाडीच्या नुकसानीची बेरीज करता येत नाही, ती केव्हा आणि किती हे दुसराच कुणीतरी ठरवतो. मग ही दगदग नको म्हणून व्यापाऱ्याला किंवा जुन्या गाड्या घेणाऱ्या कंपनीला द्यावी का? भाव कमी मिळतो, पण ज्याला वेळ नाही त्याने जरूर द्यावी. एक अट मात्र पाळावी. 1 एप्रिल 2023 पासून अशा व्यापाऱ्यांसाठी आरटीओच्या अधिकारपत्राची व्यवस्था आहे. अधिकृत व्यापाऱ्याकडे गाडी सोपवल्याची सूचना पोर्टलवर नोंदवता येते आणि मग गाडीची जबाबदारी त्याच्याकडे जाते. ती नोंद न करता 'आमचं लेटरहेड घ्या' म्हणणारा आणि कोपऱ्यावरचा एजंट यांत मला फरक दिसत नाही. पाचशेच्या स्टँपवर नोटरी केलेला करारनामा अवश्य करावा, त्यात गाडी ताब्यात दिल्याची तारीख आणि वेळ, अगदी मिनिटासकट, लिहावी. त्या वेळेच्या नंतरचं चलन आलं तर दाखवायला तो उपयोगी पडतो. पण तो पुरावा आहे, हस्तांतर नाही.

गाडी गेल्यावरही काम उरतं. फास्टॅग बंद करावा, नाहीतर नव्या मालकाचा टोल तुमच्या खात्यातून जात राहतो. विमा कंपनीला कळवून नो क्लेम बोनसचं पत्र घ्यावं. तो बोनस गाडीचा नसून तुमचा असतो, पुढच्या गाडीवर मिळतो, आणि घेणारा तो हक्काने मागतो तेव्हा स्पष्ट नाही म्हणावं. वाहन पोर्टलवर आपला मोबाईल नंबर नोंदलेला असेल तर ओटीपी आपल्याकडे येतो. तो कुणाला सांगण्याआधी कोणत्या कामाचा आहे ते वाचावं. आणि दर आठवड्याला परिवहनच्या साइटवर गाडीचा नंबर टाकून मालकाच्या नावाची पहिली अक्षरं बदलली का ते बघावं. महिनाभरात नाही बदलली तर घेणाऱ्याला फोन, उत्तर नाही आलं तर आरटीओला पोचेसह लेखी अर्ज.